ताक फुंकून पिणारं शरीर : जुना आघात आणि त्यातून सावरणं

  

आजचा विषय थोडा जड आहे. माणसावर एखादा मोठा आघात होतो, वर्षं जातात, सगळे म्हणतात की आता झालं गेलं विसर. पण शरीर विसरत नाही. असं का होतं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. ऐकताना मध्येच नको वाटलं, छाती जड झाली, तर सरळ पॉज करा. पाणी प्या, गॅलरीत जाऊन या, उद्या ऐका. हा भाग कुठे पळून जात नाहीये.

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करू. आपण भीतीबद्दल कसं बोलतो बघा. पोटात गोळा आला. छातीत धस्स झालं. हातपाय गळाले. घशाला कोरड पडली. अंगावर काटा आला. पायाखालची जमीन सरकली. यातल्या एकाही वाक्यात ‘मन’ हा शब्द नाही. पोट, छाती, हात, पाय, घसा, कातडी. म्हणजे आपल्या आज्ज्यांना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक होतं की भीती आधी अंगात येते.

आणि एक म्हण तर आजच्या विषयाचं सारच आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताक थंड आहे हे त्याला माहीत असतं. डोळ्यांना दिसतंय, हाताला भांडं गार लागतंय. तरी ओठ फुंकर मारतातच. कारण ओठांनी धडा घेतलाय, आणि ओठांना समजवायला गेलं तर ते ऐकत नाहीत.

यावरून एक जुनी, खरी घडलेली गोष्ट सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला एदुआर क्लापारेद नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक स्त्री रुग्ण होती, जिची नवीन आठवण टिकतच नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला रोज नव्यानेच भेटायचे. एकदा क्लापारेदनी आपल्या बोटांमध्ये टाचणी लपवली आणि तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. थोड्या वेळात ती ते विसरून गेली. पण पुढच्या वेळी त्यांनी हात पुढे केला, तर तिने आपला हात मागे घेतला. का, हे तिला नीट सांगता येईना. प्रसंग आठवत नव्हता, पण हाताला माहीत होतं. हा प्रयोग क्लापारेदनी १९११ मध्ये छापला. आजच्या नियमांत तो बसणार नाही, कुणाला न सांगता टाचणी टोचणं बरोबर नाहीच. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. ‘काय घडलं’ ही आठवण वेगळी आणि ‘इथे धोका आहे’ ही आठवण वेगळी. पहिली गेली तरी दुसरी राहू शकते.

आता बघू, धोक्याच्या क्षणी आत काय होतं.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. ही आपली धोक्याची घंटा. समोर साप दिसला की साप आहे की दोरी, हा विचार पूर्ण व्हायच्या आधीच ही घंटा वाजते. अॅड्रेनालिन सुटतं, हृदय धडधडतं, श्वास वर चढतो, स्नायू ताणले जातात, पचन थांबतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं. हे सगळं आपल्याला लढता यावं किंवा पळता यावं म्हणून. कपाळामागे असलेला मेंदूचा भाग, जो एरवी विचार करतो, शब्द जुळवतो, ‘थांब, नीट बघ’ म्हणतो, त्याचा आवाज त्या वेळी बारीक होतो. जीव वाचवायचा असताना निबंध लिहायचा नसतो ना!

पण लढणं आणि पळणं दोन्ही शक्य नसेल तर? तर शरीराकडे तिसरा मार्ग आहे. गोठून जाणं. हलता येत नाही, ओरडता येत नाही, आवाज घशातच अडकतो. मांजराच्या तोंडातला उंदीर जसा निपचित पडतो, तसंच काहीसं.

हा मुद्दा मला आज ठासून सांगायचा आहे, कारण आपल्याकडे यावरून माणसांना फार छळलं जातं. एखाद्या मुलीवर अत्याचार होतो आणि पहिला प्रश्न येतो, ‘तू ओरडली का नाहीस? हात का नाही उचललास?’ स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या एका आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या जवळजवळ ३०० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या वेळी आपलं शरीर लक्षणीय प्रमाणात गोठून गेलं होतं. ज्या अशा गोठल्या होत्या, त्यांना पुढे आघाताचे त्रास होण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे गोठणं ही संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. तो निर्णयच नसतो. शरीराने परस्पर केलेली ती कृती असते. तुमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं स्वतःला हाच प्रश्न विचारत असेल, ‘मी काहीच का केलं नाही?’, तर त्याचं उत्तर हे आहे.

बरं, धोका टळल्यावर काय होतं? बहुतेक वेळा घंटा हळूहळू शांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात कधी ना कधी असा आघातकारक प्रसंग येतो. अपघात, हिंसा, आपत्ती, जवळच्याचा अचानक मृत्यू. पण त्यातल्या साधारण ५.६ टक्के लोकांनाच पुढे तो आजार होतो, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीटीएसडी म्हणतात. म्हणजे आघात झाला की माणूस मोडलाच, असं अजिबात नाही. पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच आठवणं हे स्वाभाविक आहे. जखम भरताना खाजते, तसं समजा.

पण महिना उलटला तरी घंटा वाजतच राहिली, रोजचं जगणं अडू लागलं, तर मात्र लक्ष द्यायला हवं. चार प्रकारची लक्षणं असतात. एक, प्रसंग पुन्हा पुन्हा घडतोय असं वाटणं, स्वप्नात किंवा जागेपणी. दोन, त्याची आठवण करून देणारी जागा, माणसं, विषय टाळत राहणं. तीन, मन आणि विचार काळवंडणं, म्हणजे ‘चूक माझीच’, ‘कुणावर विश्वास नाही’, कशातच आनंद नाही. आणि चार, सतत सावध असणं. दारावर थाप पडली की उडणं, पटकन चिडणं, झोप न येणं.

एक उदाहरण मनात उभं करू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता, आठवतोय ना? समजा त्या पुरात एक मुलगी रात्रभर माळ्यावर अडकली होती. आता ती पुण्यात नोकरी करते, सातव्या मजल्यावर राहते. तिथे पुराचं पाणी येणं शक्य नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. पण रात्री पावसाचा जोर वाढला, पत्र्यावर आवाज आला, की तिला घाम फुटतो, पोटात ढवळतं, ती तीनदा उठून खिडकीतून खाली बघते. सकाळी ऑफिसमध्ये मॅनेजर विचारतो, ‘लक्ष कुठंय तुझं?’ ती काय सांगणार? तिचं शरीर पुण्यातही ताक फुंकून पितंय.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं कोसळली. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. ज्या घराने थंडी-उन्हापासून राखलं, तेच अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर छोटे धक्के येत राहिले आणि कितीतरी लोक छपराखाली झोपायलाच तयार नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता नवीन घर बांधून मिळालं, मग काय अडचण? पण झोपेत छप्पर कोसळताना ज्याने अनुभवलंय, त्याच्या शरीरासाठी ‘घर’ आणि ‘झोप’ हे दोन शब्दच धोक्याचे झालेले असतात. तुमच्या घरात त्या पहाटेतून वाचलेलं कुणी असेल तर खोदून खोदून विचारू नका. पण स्वतःहून बोलले, तर मोबाईल बाजूला ठेवून ऐका.

हे सगळं विज्ञानाला कळायला मात्र बराच वेळ लागला. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांतून वाचलेले लोक विचित्र तक्रारी घेऊन यायचे. जखम दिसत नाही, पण झोप नाही, अंग कापतं. जॉन एरिक एरिक्सन नावाच्या सर्जनला वाटलं की धक्क्याने मणक्यालाच इजा झाली असणार, म्हणून त्याला ‘रेल्वे स्पाइन’ असं नाव पडलं. इतर काही जण म्हणाले, नुकसानभरपाईसाठी नाटकं करतात! मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत होते, काहींची वाचा गेली होती. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी आवाज उठवल्यावर, १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने पीटीएसडी हे निदान आपल्या यादीत घातलं. ‘हा नाटकं करतोय’ पासून ‘याला आजार आहे’ पर्यंत यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आपल्याकडच्या घरांत तो प्रवास अजून चालूच आहे.

आता, इन्स्टाग्रामवर तुम्ही रील्स पाहिल्या असतील. ‘तुमचा आघात तुमच्या नितंबांत साठलाय’, ‘मानेची ही नस दाबा आणि दुःख बाहेर काढा’. यात खरं किती?

बेसेल व्हॅन डर कोल्क या मानसोपचारतज्ज्ञांचं ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ हे पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि जगभर गाजलं. शरीर हिशेब ठेवतं, ही कल्पना त्यामुळे घराघरात पोचली. त्यातला गाभा बरोबर आहे. आघातानंतर हृदयाची गती, श्वास, झोप, स्नायूंचा ताण, दचकण्याची सवय, सगळं बदलू शकतं. पण स्नायूत एखादी व्हिडिओ क्लिप ठेवल्यासारखी आठवण ठेवलेली नसते. आठवण मेंदूत असते, आणि मेंदू नसांवाटे, हार्मोन्सवाटे सतत शरीराशी बोलत असतो. मान आखडते ती मेंदू मानेला ‘सावध राहा’ असं सांगत राहतो म्हणून. त्यामुळे मान चोळून बरं वाटेल, जरूर वाटेल, पण नुसती मान चोळून घंटा बंद होणार नाही. या क्षेत्रातल्या काही सिद्धान्तांवर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत. म्हणून ‘एका सेशनमध्ये आघात मोकळा’ असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी बालपणीच्या वाईट अनुभवांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड असे अनुभव ज्यांच्या वाट्याला जास्त आले होते, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, नैराश्य, व्यसनं यांचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे लहानपणी अंगावर आलेली भीती चाळिशीत दवाखान्याच्या रांगेत भेटू शकते. पण हे शक्यतेचं गणित आहे, कपाळावर लिहिलेलं भविष्य नव्हे. तितकंच सोसून धडधाकट राहिलेली माणसंही भरपूर असतात, आणि त्यांच्या पाठीशी बहुतेकदा एखादं तरी भरवशाचं माणूस उभं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. डोकेदुखी, छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. सगळंच ‘मनाचं’ म्हणून सोडून देऊ नका, थायरॉइड किंवा रक्तातली कमतरताही असू शकते. पण तीन डॉक्टर झाले, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी त्रास आहेच, तर मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्रास खोटा, असा अर्थ होत नाही.

आता उपचारांकडे येऊ. आनंदाची बातमी अशी की यावर काम करणारे उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन गोष्टींची शिफारस आहे. आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी, आणि ईएमडीआर.

पहिल्या गटात एक पद्धत आहे, तिच्यात टाळलेल्या गोष्टीजवळ हळूहळू, ठरवून, सुरक्षितपणे जायचं असतं. पोहायला शिकताना कुणी थेट विहिरीत ढकलत नाही. आधी पायरीवर बसायचं, मग पाय पाण्यात, मग कंबरेपर्यंत. तसंच इथे. आपली ती सांगलीची मुलगी आधी मोबाईलवर पावसाचा आवाज हळू ऐकेल, मग मोठा, मग खऱ्या पावसात गॅलरीत उभी राहील. थेरपिस्टबरोबर त्या रात्रीबद्दल पुन्हा पुन्हा बोलेल. दर वेळी घंटा वाजते, पण काही वाईट घडत नाही, आणि घंटा आपोआप उतरते. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवीन आठवण तयार होते, की पाऊस येतो आणि जातो, मी सुरक्षित आहे. साधारण ८ ते १५ सत्रांत हे काम होतं.

त्याच गटातली दुसरी पद्धत विचारांवर काम करते, साधारण १२ सत्रांची. आघातानंतर डोक्यात काही वाक्यं खिळ्यासारखी ठोकली जातात. ‘मी आजीला आधी बाहेर काढायला हवं होतं.’ थेरपिस्ट त्या वाक्याची उलटतपासणी करायला शिकवतो. तेव्हा तुझं वय किती होतं? पाणी किती वाढेल हे तुला माहीत होतं का? तुझ्या जागी मैत्रीण असती तर तिला हेच म्हणाली असतीस? खिळा एकदम निघत नाही, पण सैल होतो.

ईएमडीआर ही पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केली. यात रुग्ण त्रासदायक आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलणाऱ्या बोटांकडे डोळे डावी-उजवीकडे फिरवत बघतो. ऐकायला जादूटोणा वाटेल, पण याचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. डोळे फिरवण्यामुळेच होतो, की सुरक्षित जागी आठवणीला सामोरं गेल्यामुळे, यावर संशोधकांचा वाद चालू आहे. ज्यांना सगळं तपशिलात बोलून दाखवणं जमत नाही, त्यांना ही पद्धत सोपी जाऊ शकते.

आणि शरीराकडून सुरू होणारे उपाय? व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. बरीच वर्षं उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया होत्या. निम्म्यांना दहा आठवडे योग, निम्म्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणींना पीटीएसडीचं निदान लागू राहिलं नाही. दुसऱ्या गटात २९ पैकी ६. अभ्यास छोटा आहे, म्हणून योगाने सगळं बरं होतं असा डंका पिटायला नको. पण मुख्य उपचाराला जोड म्हणून हा आधार चांगला आहे. हा योगही आपल्या शाळेतल्या ‘हात सरळ कर!’ छापाचा नसतो. शिक्षक न विचारता अंगाला हात लावत नाही. ‘जमेल तितकंच, नको असेल तर थांबा’ ही त्याची भाषा असते. ज्या शरीरावर दुसऱ्याने जबरदस्ती केली, त्या शरीराला ‘आता ठरवणार तू’ हे सांगणं हाच त्यातला उपचार आहे.

एक सावधगिरी. काहींना डोळे मिटून ध्यानाला बसलं की उलट जास्त त्रास होतो. तसं झालं तर तुम्ही ‘कच्चे’ नाही. डोळे उघडे ठेवा, चालत चालत करा, किंवा सोडून द्या.

गोळ्यांचं काय? काही नैराश्यविरोधी औषधांचा पीटीएसडीत उपयोग होतो, ती मानसोपचारतज्ज्ञच देतील. पण मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून घेऊ नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा शामक गोळ्या ताण उतरवण्यासाठी देऊ नयेत, असं त्याच २०१३ च्या तत्त्वांत म्हटलं आहे. आणि दारू हा उपाय तर नाहीच. घंटा बंद होत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते. सकाळी पुन्हा दुप्पट.

चला, आता एक छोटी गोष्ट करून बघू. गाडी चालवत असाल तर नंतर करा. दोन्ही पाय जमिनीवर टेका. जमीन पायांना खालून धरून आहे, ते जाणवू द्या. आता आजूबाजूच्या पाच वस्तू बघा आणि मनात त्यांची नावं घ्या. पंखा. खिडकी. बाटली. चप्पल. चार्जर. आता नाकाने सावकाश श्वास घ्या, चार मोजा. आणि सोडताना सहा मोजा. सोडणं लांब. पुन्हा एकदा. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने चालतं आणि सोडताना किंचित मंदावतं. म्हणून उच्छ्वास लांबवला की आपण शरीराला त्याच्याच भाषेत सांगतो, आत्ता इथे धोका नाही. हा उपचार नाही बरं का. लाट आली तर उभं राहायला धरायची दोरी आहे.

आता ज्यांच्या घरात कुणी यातून जातंय, त्यांच्यासाठी. आई, बाबा, नवरा, बायको, रूममेट, कुणीही. ‘किती दिवस तेच तेच’, ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’, ‘देवाचं नाव घे, होईल नीट’ ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण समोरच्याला एकटं पाडतात. त्याऐवजी ‘मी आहे इथे’, ‘तुला जेवढं सांगायचंय तेवढंच सांग’, ‘चहा ठेवू का?’ एवढं पुरतं. मागून येऊन दचकवू नका. अंगाला हात लावायच्या आधी विचारा. आणि बोलायला भाग पाडू नका. आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून ‘सांगा, काय काय पाहिलंत’ असं बोलतं करण्याची पद्धत पूर्वी जोरात होती. तिचा फायदा होत नाही, काहींना तोटाही होऊ शकतो, हे दिसल्यावर ती आता सुचवली जात नाही. आधी अन्न, निवारा, झोप, आपली माणसं. बोलणं नंतर, ज्याचं त्याच्या वेळेने.

आणि एक अवघड पण गरजेची गोष्ट. छळ अजून चालूच असेल, मारणारा माणूस त्याच घरात असेल, तर घंटा बरोबर वाजतेय. तिथे श्वास मोजत बसायचं नसतं. तिथे पहिला उपचार म्हणजे सुरक्षित जागा. पोलीस आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

मदत कुठे मिळेल? केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. पुन्हा सांगतो, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल, तर हा भाग इथेच थांबवा आणि आधी तिथे फोन करा, किंवा जवळच्या माणसाला आत्ता हाक मारा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जाता येतं, तिथे खाजगी दवाखान्यासारखा खर्च येत नाही.

खाजगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा. तुमचं शिक्षण काय? आघातावरच्या कुठल्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय? साधारण किती सत्रं लागतील, फी किती? मला थांबावंसं वाटलं तर थांबाल ना? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी चिडत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. आणि जो पहिल्याच दिवशी सगळं उकरायला लावतो, किंवा ‘तुझ्या बालपणी नक्की काहीतरी घडलंय, आठव’ असं म्हणत मागे लागतो, तिथून उठून या. पहिला थेरपिस्ट जमला नाही तर दुसरा शोधा. चप्पल चावली म्हणून आपण अनवाणी फिरत नाही, दुसरी घेतो.

बरं होणं म्हणजे काय, एवढं सांगून थांबतो. ती रात्र, ती पहाट, तो प्रसंग विसरला जाणार नाही. आणि विसरायची गरजही नाही. आपली ती मुलगी बरी होईल, म्हणजे पाऊस आला की तिला सांगली आठवेल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल. पण ती खिडकी लावेल, कूस बदलेल आणि झोपेल. सकाळी तिला आजीची आठवण येईल ती पुरातली नाही, स्वयंपाकघरातली येईल. शरीराला शिकता येतं म्हणून तर ते घाबरायला शिकलं. तेच शरीर, तितकंच हुशार, पुन्हा निवांत व्हायलाही शिकतं. वेळ लागतो, सोबत लागते, कधी कधी तज्ज्ञ लागतो. पण शिकतं.

हा भाग ऐकताना कुणाचा चेहरा डोळ्यासमोर आला असेल तर लगेच लिंक पाठवू नका. आधी फोन करा, ‘कशी आहेस?’ एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आणि तो चेहरा तुमचाच असेल, तर १४४१६ हा नंबर आत्ता सेव्ह करून ठेवा.

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.